पगार सरकारचा, छप्पर कुणाचे?

वर्षाला दहा हजार रुपये. तीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या जिल्हा परिषद शाळेला समग्र शिक्षा अभियानातून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान एवढेच. भंडारा जिल्ह्यात लाखांदूरच्या चुलबंद नदीच्या काठाला, पवनीच्या जंगलपट्ट्यात किंवा तुमसरच्या उत्तरेला मध्य प्रदेशच्या सीमेलगत अशा दोनशिक्षकी शाळा जागोजागी भेटतात. कवेलूंच्या छपराच्या दोन खोल्या, पुढे व्हरांडा, एका बाजूला स्वयंपाकाची खोली, मागे शौचालय आणि कुंपणापलीकडे लगेच धानाची बांधी. मुख्याध्यापक म्हणजे दोघांतला जो सेवाज्येष्ठ तो. त्याच्याकडे पहिली-दुसरी असते आणि शाळेची कीर्द-खतावणीही असते.

या दहा हजारांतला किमान दहावा हिस्सा नियमाप्रमाणे स्वच्छतेवर खर्चायचा. एक हजार गेले. विजेचे बिल महिन्याला पाचशे धरले तरी सहा हजार गेले. उरलेल्या तीन हजारांत वर्षभराचे खडू, डस्टर, रजिस्टरे, झेरॉक्स, नळाची तोटी, दाराची कडी, स्वातंत्र्यदिनाचा आणि प्रजासत्ताकदिनाचा खर्च भागवायचा. शाळेत संगणक वा टॅब आला असेल तर त्याची दुरुस्तीही यातूनच. यूडायस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, हजेरी हे सगळे ऑनलाइन भरायचे असते, त्याचा डेटापॅक गुरुजींच्या मोबाइलवर. चार टक्के सादिल म्हणून शिक्षकांच्या बोलण्यात येणारा आणखी एक किरकोळ खर्चाचा निधी असतो. पण तो दरसाल आणि वेळेवर पडेल असे धरून कुणी खर्च करत नाही. पावसाळ्यात कवेलू सरकले आणि दुसऱ्या खोलीत गळू लागले, तर त्या गळतीसाठी या हिशेबात रकानाच नाही.

याच अनुदानाची वरची पायरी हजारापेक्षा जास्त पटाच्या शाळेची. तिला एक लाख मिळतात. मुलामागे पाहिले तर वीस मुलांच्या शाळेला पाचशे रुपये पडतात आणि हजारावरच्या शाळेला जेमतेम शंभर. मंत्रालयातल्या तक्त्यावर लहान शाळा पाचपट लाडकी दिसते. पण गळके छप्पर वीस मुलांवर असो की दोनशे मुलांवर, कवेलू तेवढेच लागतात. झाडू एकच लागतो, विजेचा स्थिर आकार तोच लागतो. आपल्या शालेय निधीची सगळी गोची इथे आहे. पैसे मुले मोजून येतात आणि खर्च शाळा मोजून होतो. जिथे वस्ती दाट आणि गाव सधन, तिथे हा फरक जाणवतही नाही. भंडाऱ्यासारख्या विरळ, धानावर जगणाऱ्या जिल्ह्यात तो दर पावसाळ्यात डोक्यावर टपकतो.

समतेची अर्धी बाजू

महाराष्ट्राच्या बाजूने एक गोष्ट आधी कबूल करायला हवी. मावळातल्या आणि लाखांदुरातल्या जिल्हा परिषद शिक्षकाची वेतनश्रेणी एकच आहे आणि पगार एकाच शालार्थ प्रणालीतून, राज्याच्या तिजोरीतून येतो. गाव गरीब म्हणून गुरुजींचा पगार कमी, असे इथे होत नाही.

हे आपोआप झालेले नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले तेव्हा खर्चाचा एक तृतीयांश वाटा स्थानिक संस्थांनी आणि दोन तृतीयांश सरकारने उचलावा, असा त्यांचा हिशेब होता. पुढच्या वर्षी विधेयक पडले. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत-वऱ्हाडात जनपद सभा आल्या, राज्य पुनर्रचनेत विदर्भ आधी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९६२ रोजी राज्यभर जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा चालवायची जिल्हा परिषदेने आणि पगाराचे अनुदान द्यायचे राज्याने, ही घडी तेव्हापासून बसली. सहा दशके ती टिकली, हे लहानसहान यश नव्हे.

विदर्भात या घडीला आणखी एक पदर आहे. पश्चिम महाराष्ट्रात पाचवी-सातवीनंतर मुले बहुधा रयतसारख्या शिक्षणसंस्थांच्या अनुदानित हायस्कुलात जातात. विदर्भ-मराठवाड्यात जिल्हा परिषदा स्वतः हायस्कूल आणि कनिष्ठ महाविद्यालयेही चालवतात. भंडाऱ्यातल्या कितीतरी मोठ्या गावांत दहावीपर्यंतची शाळा म्हणजे जिल्हा परिषदेचीच शाळा. मागे उभी राहायला श्रीमंत संस्था नाही, माजी विद्यार्थ्यांचे विश्वस्त मंडळ नाही. जे काही आहे ते जिल्हा परिषदेचे आहे. ती अडली की गावातली दहावी अडते.

पगारातल्या या समतेलाही एक फट आहे. पगार पदाला येत नाही, पदावरच्या माणसाला येतो. पद रिकामे राहिले की तो पैसा तिजोरीतच राहतो. तो कुणी कापला म्हणून ओरड होत नाही, कारण कागदावर काही कापलेलेच नसते. पुण्या-मुंबईच्या आसपासची पदे उमेदवार धावून मागतात. पूर्व विदर्भात नेमणूक मिळालेला तरुण मात्र रुजू झाल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीची वाट पाहतो. दोष त्याचा नाही. म्हातारे आईबाप सोलापूर-बीडला आणि नोकरी तुमसरला असेल तर कुणीही हेच करील. सुरुवातीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची असतात. २०२३ च्या वाढीनंतर हे मानधन प्राथमिकला सोळा हजार झाले. त्याआधी सहा हजार होते. सहा हजारांत परजिल्ह्यात घरभाडे भरून राहणे म्हणजे घरूनच पैसे मागवणे होते.

म्हणून हायस्कुलात गणिताचे किंवा इंग्रजीचे पद रिकामे राहते. वाट पाहून थकलेले पालक शाळेला कुलूप ठोकतात, नाहीतर मुलांना घेऊन पंचायत समितीच्या आवारात वर्ग भरवतात. मग दुसऱ्या शाळेतला शिक्षक तात्पुरता इकडे येतो आणि तिकडे खड्डा पडतो. अशा आंदोलनाची बातमी शिक्षक नाहीत म्हणून छापून येते. खरे तर ती निधीचीच बातमी असते. मंजूर झालेला पैसा गरीब जिल्ह्यापर्यंत पोचलाच नाही, असा तिचा अर्थ.

सेस कुठून येतो

पगार सोडला की राज्य हात आखडते घेते आणि जिल्ह्याची ऐपत बोलू लागते. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाला कर्मचारी सर्रास ‘सेस फंड’ म्हणतात. वर्गखोली निर्लेखित, म्हणजे वापरातून बाद, झाली आणि नवीन मंजूर व्हायला दोन वर्षे आहेत, तेव्हा मधल्या काळाची डागडुजी कशातून करायची, याचे उत्तर बहुतेक वेळा सेस हेच असते.

या सेसचे मूळ जमीन महसुलात आहे. महसुलाच्या रुपयामागे वीस पैसे उपकर, परिषदेला वाटले तर त्यावर वाढीव उपकर, आणि जेवढा उपकर जमेल त्याच्या प्रमाणात सरकारचे सापेक्ष अनुदान. म्हणजे ज्याच्याकडे जमते त्यालाच सरकार भर घालते. जिल्हा परिषदांचा १९६१ चा कायदा करणाऱ्यांना यातला धोका दिसला होता. म्हणून कमी महसुलाच्या जिल्ह्यांसाठी समानीकरण अनुदानाचीही तरतूद त्यांनी ठेवली. पण जमीन महसूल हाच आज नावापुरता उरलेला कर आहे. त्याच्या आधारावर केलेले समानीकरणही तितकेच नावापुरते.

खरे पैसे आज दुसरीकडून येतात. ग्रामीण भागात जमीन किंवा घर विकले गेले की मुद्रांक शुल्कासोबत किमतीच्या एक टक्का जादा शुल्क घेतले जाते, आणि ते जिल्हा परिषद व ग्रामपंचायतींच्या वाट्याला येते. मुळशी, मावळ, हवेलीच्या ग्रामीण पट्ट्यात कोटीचा एक फ्लॅट विकला गेला की लाख रुपये जमा होतात. लाखांदूर तालुक्यात एकरभर धानाची जमीन दहा लाखांना गेली असे धरले, तर दहा हजार. आणि मुळशीत असे फ्लॅट इमारती-इमारतींनी विकले जातात, तर इकडे जमीन विकली जाते ती मुलीच्या लग्नाला नाहीतर दवाखान्याला. पुणे जिल्हा परिषदेने काही विशेष कर्तबगारी केली म्हणून तिचा सेस फुगलेला नाही. शहर तिच्या अंगावर वाढत आले, इतकेच. भंडारा जिल्हा परिषदेने कितीही कसोशी केली तरी वैनगंगेच्या काठी हिंजवडी उगवणार नाही.

जमलेल्या सेसमधूनही वीस टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढावे लागतात आणि ते योग्यच आहे. उरल्यातून सदस्यांची कामे, पशुसंवर्धन, कृषी, बांधकाम. शाळेची पाळी येईपर्यंत ताट बरेच रिकामे झालेले असते. भंडारा जिल्हा परिषदेची निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये झाली, त्यामुळे पुढे राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले असताना इथे निवडून आलेले सभागृह होते. सर्वसाधारण सभेत शाळांच्या छपरांवरून तावातावाने बोलायला माणसे होती. पण तावातावाने बोलून सेस वाढत नाही.

दुसरा झरा खाणींचा. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉईलच्या मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेलच्या बॅटरीत जाते. देशभरातल्या कित्येक विजेऱ्यांत भंडाऱ्याची माती असणार. २०१५ पासून खाणधारकाने स्वामित्वधनाच्या काही टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे भरायची आणि तिचा मोठा भाग पाणी, आरोग्य, शिक्षण यांवर खर्चायचा, अशी व्यवस्था आहे. चंद्रपूरसारख्या कोळशाच्या जिल्ह्यात ही रक्कम डोळे दिपवणारी होते. भंडाऱ्यात ती त्या मानाने बेताची, आणि तीही आधी खाणीच्या परिसरातल्या गावांसाठी. त्यामुळे जिल्ह्याच्या आतच दोन जिल्हे तयार होतात. डोंगरी बुजुर्गच्या आसपासच्या शाळेला एक दार उघडते, लाखांदूरच्या शाळेला ते माहीतही नसते.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचेही तसेच. २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायला सांगितले आणि जवळच्या परिसराला प्राधान्य द्या म्हटले. परिसर कुणाचा, हा प्रश्न राहिलाच. भंडाऱ्यात वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, गडेगावला अशोक लेलँड, जवाहरनगरला आयुध निर्माणी, अशी बोटावर मोजण्याजोगी नावे. राज्यातल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांची मुख्यालये मुंबई-पुण्यात, तिथला निधीही बराचसा तिथेच जिरतो.

सरकारने १८ सप्टेंबर २०२३ रोजी दत्तक शाळा योजना आणली, तिचे दरपत्रक तर आरशासारखे स्वच्छ आहे. अ आणि ब वर्ग महानगरपालिकेच्या हद्दीतली शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यायची तर दोन कोटी, दहा वर्षांसाठी तीन कोटी. क वर्ग महापालिकेत एक कोटी आणि दोन कोटी. ड वर्ग महापालिका, नगरपरिषद आणि ग्रामीण भागात पन्नास लाख आणि एक कोटी. देणगीदाराला हवे तर त्या मुदतीपुरते शाळेला नाव देता येते. खेड्यातल्या शाळेच्या गरजा शहरातल्या शाळेच्या पाव हिश्शाच्या आहेत, असे कुणी मोजून ठरवले नव्हते. खेड्यात दाता मिळणे अवघड, म्हणून दर उतरवला. बाजार असाच चालतो, आणि शाळेचा निधी बाजारावर सोडला की शाळाही तशीच चालते.

सॅन अँटोनियोचा जोड दाखला

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो, त्यामुळे तिथे तो उघडावाघडा दिसतो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात एजवूड हा मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांचा शाळा-जिल्हा आणि त्याच शहरात अलामो हाइट्स हा बंगलेवाल्यांचा. १९६७-६८ मध्ये एजवूडने शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर लावला आणि त्यातून मुलामागे २६ डॉलर उभे राहिले. अलामो हाइट्सने फक्त ८५ सेंट लावले आणि मुलामागे ३३३ डॉलर मिळाले. गरिबांनी जास्त दराने कर भरला आणि त्यांच्या मुलांच्या वाट्याला बारा पटींनी कमी आले.

डेमेट्रिओ रॉड्रिगेझ या पत्राकाम करणाऱ्या कामगाराने इतर पालकांसह न्यायालयात धाव घेतली. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांची मागणी फेटाळली: शिक्षण हा देशाच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. पुढे १९८९ मध्ये टेक्सास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या घटनेवर बोट ठेवून ही पद्धत अवैध ठरवली आणि १९९३ मध्ये श्रीमंत शाळा-जिल्ह्यांकडचा काही पैसा गरीब जिल्ह्यांकडे वळवणारा कायदा झाला. लोक त्याला रॉबिन हूड कायदा म्हणतात. त्याच्याविरुद्ध तिथे आजही भांडणे होतात, पण भांडायला आकडे आहेत. कुठल्या जिल्ह्यात मुलामागे किती, हे शेंबड्या पोरालाही सांगता येते.

आपल्याकडे उलट आहे. प्राथमिक शिक्षण हा २००२ च्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदाही लागू झाला. हक्क आहे, पण त्यामागचा पैसा कुठल्या जिल्ह्यात किती पोचतो याचा एकत्र हिशेब पालकाला कुठे पाहायला मिळत नाही. पगार एका लेखाशीर्षात, समग्र शिक्षा दुसऱ्यात, पोषण आहार तिसऱ्यात, सेस जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात, वित्त आयोगाचे पैसे ग्रामपंचायतीत, खनिज निधी जिल्हाधिकाऱ्यांकडे, आमदार निधी आमदारांकडे. एजवूडच्या पालकाला २६ आणि ३३३ हे दोन आकडे मिळाले म्हणून तो लढू शकला.

महाग मूल कोणते?

एवढा हिशेब न मांडताही एक हिशेब सरकार फार तत्परतेने मांडते. लहान शाळा परवडत नाहीत, हा तो हिशेब. डिसेंबर २०१७ मध्ये दहा किंवा त्याहून कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीसपर्यंतच्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून नंदुरबारमधले तोरणमाळ आणि पुण्यातले पानशेत पुढे केले. तेव्हा सांगितलेल्या आकड्यांनुसार राज्यात अशा १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुले आणि २९,७०७ शिक्षक होते. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक.

१५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळणार हे ठरवणाऱ्या, निकषांनी हाच धागा पुढे नेला. सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुले असतील तर शिक्षकाचे पदच मिळणार नाही, म्हणून शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे नेमक्या शिक्षकदिनी, वीसपर्यंतच्या पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा निर्णय निघाला. विरोध झाल्यावर आधी मर्यादा दहावर आली आणि पुढे तो निर्णयच मागे घ्यावा लागला.

दोन शिक्षकांचे पगार मिळून महिन्याला सव्वा लाख धरा. पट पंधरा. वर्षाचे पंधरा लाख, म्हणजे मुलामागे एक लाख. तक्त्यातला हा आकडा पाहून अधिकारी कपाळाला हात लावतात. आता मुंबई महानगरपालिका पाहा. तिचे २०२४-२५ चे शिक्षणाचे अंदाजपत्रक सुमारे ३,४९८ कोटींचे होते, आणि तिच्या शाळांतली मुले साडेतीन लाखांच्या आत-बाहेर. मुलामागे खर्च इथेही लाखाच्याच घरात जातो. महापालिका आपल्या विद्यार्थ्यांना दप्तर, बूट, वह्यांपासून सत्तावीस वस्तू मोफत देते. सीबीएसई, आयसीएसईच नव्हे, आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळाही तिने काढल्या आहेत. मुंबईतल्या गरिबाच्या मुलावर एवढा खर्च होतो याचा आनंदच आहे. पण मुंबईतले मूल लाखाचे झाले तर ती गुंतवणूक आणि चुलबंद काठचे मूल लाखाचे झाले तर ती उधळपट्टी, हा न्याय कुठला? शिवाय मुंबईतल्या लाखात वस्तू, इमारत, प्रयोगशाळा, संगणक सारे येते. लाखांदुरातल्या लाखात दोन पगार येतात आणि वर दहा हजार.

गणवेशाचे उदाहरण घ्या. समग्र शिक्षेतून मुलामागे वर्षाला सहाशे रुपये, म्हणजे तीनशेचा एक जोड. २०२३-२४ पासून राज्याने बूट आणि मोज्यांसाठी १७० रुपये जोडले. ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणत मधल्या काळात कापड वरून आले, शिलाई बचत गटांकडे गेली, मापे चुकली आणि अखेर डिसेंबर २०२४ मध्ये खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. गरीब घरच्या मुलींची गळती थांबावी म्हणून १९९२ मध्ये रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला होता. शिक्षकांच्या पगारांवर त्यानंतर तीन-तीन वेतन आयोग येऊन गेले. मुलीचा रुपया रुपयाच राहिला.

समूह शाळेच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, ते टाळून चालणार नाही. पाच वर्गांना दोन शिक्षक म्हणजे एका वेळी तीन वर्ग वाऱ्यावर. पंधरा मुलांत खो-खोचे दोन संघ होत नाहीत. चांगली इमारत, विषयवार शिक्षक, खात्रीची बस आणि मुलींसाठी सुरक्षित वाट मिळणार असेल तर कित्येक पालक स्वतःहून मुले पाठवतील, आजही इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत पाठवतातच. पण भंडारा जिल्हा म्हणजे नदी-नाले आणि माजी मालगुजारी तलावांचा मुलूख. नकाशावरचे दोन किलोमीटर जुलै-ऑगस्टात नाला भरला की आठ होतात. गोसेखुर्द धरणाच्या पाण्याने तर पवनी-भंडारा पट्ट्यातल्या कित्येक जुन्या वाटाच गिळल्या. रोवणीच्या दिवसांत आई-बाप दोघेही चिखलात उभे असतात. लेकराला बसथांब्यापर्यंत पोचवायला घरी कुणी नसते. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असे राज्याचे नियम सांगतात ते याचसाठी. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटीने मुलींना हायस्कूलपर्यंत नेले, हे राज्याचे खरोखर चांगले काम. पण ती सोय मोठ्या वर्गांतल्या मुलींसाठी आहे. सहा वर्षांच्या पोराला त्या हिशेबात धरता येत नाही.

शाळा बंद करून वाचणारा पैसा त्याच मुलांच्या वाहतुकीवर आणि नव्या शाळेवर खर्च होईल, असे सरकार लेखी सांगत असेल तर चर्चा करता येईल. आजवरच्या अनुभवात शाळा आधी बंद होते आणि बस नंतर येते, कधी येतही नाही.

बक्षिसावर चालणारी शाळा

सरकारी पैसा कमी पडला की ‘लोकसहभाग’ पुढे येतो. लाखनी तालुक्यातल्या खराशीच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव जिल्ह्याबाहेरही घेतले जाते. गाव आणि शिक्षक एकत्र आले की सरकारी शाळा किती पुढे जाते, ते बघायला लोक तिथे जातात. अशा शाळांचे कौतुक कितीही केले तरी थोडे. पण खराशीचे उदाहरण देऊन शेजारच्या गावाला ‘तुम्ही का नाही केले’ विचारणे हा सरकारचा धूर्तपणा आहे. लोकवर्गणी ज्या गावात जमते तिथे बहुधा नोकरदार असतात, ओलिताची शेती असते, दोन पिके निघतात. ढिवरांच्या वस्तीत मासळी किती मिळाली यावर चूल पेटते, तिथे वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन जायचे कोणत्या तोंडाने?

२०२३ च्या अखेरीस राज्याने ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ स्पर्धा जाहीर केली. तालुक्यात पहिल्या शाळेला तीन लाख, जिल्ह्यात पहिल्या शाळेला अकरा लाख, राज्यात पहिल्या शाळेला एक्कावन्न लाख. भिंती रंगल्या, परसबागा झाल्या, उत्साह आला. पण जिचे छप्पर आधीच धड आहे, तीच शाळा रंगाचा विचार करू शकते. ज्या शाळेत आधीच आहे तिथे आणखी आले. शाळेच्या दुरुस्तीचा पैसा स्पर्धेत जिंकावा लागतो, हे आपल्याला आता वावगेही वाटत नाही.

नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत २८ ऑगस्ट २०१७ रोजी जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळले आणि तीन मुलांचा जीव गेला. त्यानंतर धोकादायक खोल्यांच्या याद्या झाल्या, निर्लेखनाचे प्रस्ताव गेले. नगर जिल्ह्यात खोल्या बांधायला शिर्डी संस्थानाने निधी देऊ केला. साईबाबांच्या दानपेटीचा हा उत्तम उपयोग. पण ज्या जिल्ह्यात शिर्डी नाही, त्याने काय करावे?

अनुशेषाची जुनी वही

प्रादेशिक विषमतेचा हिशेब मांडण्यात महाराष्ट्र एकेकाळी देशात पुढे होता. १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकरांची सत्यशोधन समिती नेमली गेली. सिंचन, रस्ते, आरोग्य, शिक्षण अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे, हे तिने जिल्हावार मोजले आणि ३,१८६.७८ कोटींचा अनुशेष काढला. विदर्भाचा वाटा त्यात १,२४६ कोटींच्या वर होता. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. वाद झाले, पण निदान वही होती. मात्र त्या वहीत बांधायच्या गोष्टी मोजल्या गेल्या. बांधलेले दरवर्षी सांभाळायला काय लागेल, ते मोजले गेले नाही. खोली एकदा बांधून झाली की अनुशेष संपला. कवेलू मात्र दर पावसाळ्यात सरकतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा भंडाऱ्याशी संबंध सांगितला जातो तो १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीतल्या पराभवाचा. याच माणसाचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ मध्ये निघाला होता. कर कोण गोळा करतो, खर्च कोण करतो आणि मधल्या तफावतीत कोण मरतो, हाच त्याचा विषय. मुंबई विधिमंडळात १९२७ मध्ये त्यांनी साधा सवाल टाकला होता: सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्चते आणि दारूवरच्या अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते. लोकांकडून तिथे जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणाला द्या. घेणे आणि देणे एकाच कागदावर समोरासमोर मांडायची ही पद्धत आज शाळांच्या बाबतीत कुणी वापरत नाही.

वापरायची ठरवली तर करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. शाळा अनुदानाला शाळेची किमान पायरी हवी. पट पाच असो वा पन्नास, वीज, पाणी, स्वच्छता आणि छपराची वार्षिक डागडुजी यांचा खर्च आधी द्यावा आणि मुलांमागचे पैसे त्यावर मोजावेत. मुद्रांक शुल्कातून जिल्हा परिषदांना मिळणाऱ्या रकमेचा ठरावीक हिस्सा राज्य पातळीवर एकत्र करून कमी उत्पन्नाच्या जिल्ह्यांना शाळा-दुरुस्तीसाठी वाटावा. १९६१ च्या कायद्यातली समानीकरणाची कल्पना आजच्या उत्पन्नाला लावणे, एवढेच ते आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग बसवणे बंधनकारक केले आहे. हे काम त्याचेच. रिक्त पदाचा न खर्चलेला पगार त्याच जिल्ह्यात ठेवून घड्याळी तासिकेवर स्थानिक पात्र तरुण नेमायला वापरता यावा. आणि यूडायसच्या ज्या पोर्टलवर शाळेचा पट, शौचालये, नळ सारे भरून घेतले जाते, तिथेच प्रत्येक शाळेला त्या वर्षी कुठून किती पैसे आले, हेही मराठीत दिसावे.

पुणे जिल्ह्यातून विरोध होईल. आमच्या हद्दीतला पैसा आमच्या शाळांना, हे म्हणणे त्यांच्या जागी कुणीही मांडेल. त्याला उत्तर एकच. मुळशीतल्या जमिनीची किंमत मुळशीच्या गावकऱ्यांनी वाढवलेली नाही. ती रस्त्यांनी, आयटी पार्कने वाढवली, आणि ते सगळे राज्याच्या पैशातून उभे राहिले. त्या राज्याच्या तिजोरीत पवनीचा धान उत्पादक खतावर, सिमेंटवर, मोबाइलच्या रिचार्जवर कर भरतोच. वाढलेल्या किमतीतला वाटा तो उपकार म्हणून मागत नाही, हिश्श्याने मागतो.

शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यात प्रत्येक शाळेला सर्व ऋतूंत टिकणारी इमारत हवी, असे स्पष्ट लिहिले आहे. गाव श्रीमंत असेल तर, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. पगार सरकारने आपला मानला, तसे छप्परही सरकारला आपले मानावे लागेल. तोवर भंडाऱ्यातला गुरुजी दर जूनमध्ये, विदर्भातल्या शाळा उघडायच्या आधी, दोन गडी लावून कवेलू फेरून घेईल आणि त्या मजुरीचे पैसे कुठल्या रकान्यात लिहायचे याचा विचार करत बसेल. बहुतेक वेळा तो ते कुठेच लिहीत नाही, स्वतःच्या खिशातून देतो. आणि म्हणून सरकारी हिशेबात ते छप्पर कधी गळलेलेच नसते.